बुडालेल्या गावाची देवी

उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि निवृत्त झाल्यावर त्यातले बहुतेक विसरूनही गेलो. लालबागची एक साधी चोरीची केस मात्र अजून मानगुटीवर बसली आहे. मुद्देमाल मिळाला होता, आरोपी सुटला होता, वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. कागदावर पाहाल तर इतकी सरळ केस माझ्या हातून दुसरी झाली नसेल. तरीही तिची आठवण निघाली की माझं डोकं फिरतं. खरी नावं कोणाचीच देत नाही. म्हाताऱ्याला तात्या म्हणतो आणि फिर्यादीला बापू. असे तात्या-बापू गिरणगावात पैशाला पासरी होते.

मी तेव्हा फौजदार होतो. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं. संप मिटला असं कोणी म्हणत नव्हतं आणि चालू आहे असंही कोणी छातीठोक सांगत नव्हतं. मोर्चे, दगडफेक यांचा जोर ओसरला होता. आता ठाण्यात येत त्या नळावरच्या मारामाऱ्या, बायकोचे दागिने नवऱ्याने विकल्याच्या तक्रारी, दारूच्या केसेस. भांडीकुंडी विकून झाली की माणसं बायकापोरांना घेऊन गावची वाट धरत.

अशात एका सकाळी बापू ठाण्यात आला. गिरणीत मुकादम होता, बोलायला चतुर, कपडे परीटघडीचे. त्याच्या खोलीतला देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला होता. संशय कोणावर, असं ठाणे अंमलदाराने विचारताच त्याने जराही न अडखळता तात्याचं नाव घेतलं. तात्या म्हणजे त्याच खोलीत राहणारा, देवीची पूजा करणारा म्हातारा साचेवाला, म्हणजे गिरणीतला माग चालवणारा.

ही खोली काय भानगड होती ते आधी सांगितलं पाहिजे. बाहेरच्या माणसाला ते कळायचं नाही. सातारच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या खोऱ्यात यांचं गाव होतं. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. सरकारने माणसं तीन ठिकाणी फेकली. काही ठाणे जिल्ह्यात, काही सोलापूरकडच्या माळावर, आणि काही हट्टाने वर डोंगरातच सरकली. पाणी चढायला लागलं तेव्हा देवीचा मुखवटा डोक्यावर घेऊन गावकरी बाहेर पडले खरे, पण देवी कोणाकडे राहणार यावरून तिन्ही वस्त्यांत जुंपली. शेवटी तोडगा निघाला तो असा, की देवी मुंबईत राहील. लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर या गावच्या गिरणी कामगारांची खोली होती. पाळीपाळीने झोपायचे. एकाची रात्रपाळी सुटली की दुसऱ्याच्या वळकटीची जागा रिकामी व्हायची. तिथे भिंतीशी देव्हारा करून देवी बसवली. तेव्हापासून त्या गावाला जमिनीवर असा तेवढाच पत्ता उरला. लग्नं तिथे ठरत, मयताची तार तिथे येत असे, भांडणं तिथे तुटत. खोलीच्या भाड्याची पावती बापूच्या नावाची होती. कोणाच्या तरी नावाची असावी लागते म्हणून ती त्याच्या बापाच्या नावाने घेतली होती, पुढे त्याच्या नावावर आली. पण देवी जिथे बसली ती जागा गावाची, तिला बोट लावायचं नाही, असा त्यांचा दंडक होता.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. संपामुळे खोली जवळजवळ रिकामी होती. दोरीवर मोजके कपडे, कोपऱ्यात पत्र्याच्या ट्रंका. देव्हाऱ्यात मुखवटा नव्हता, पण समई तेवत होती आणि मुखवट्याच्या जागी विड्याची पानं, सुपारी आणि नारळ मांडलेला होता. मी हवालदाराला म्हटलं, चोर मोठा रीतीभातीचा दिसतो. तो हसला. म्हणाला, साहेब, चोर देवभोळा असला म्हणून काय झालं, चांदी ती चांदी.

दुपारी हवालदार खबर घेऊन आला. चाळीच्या तोंडाशी पानाची टपरी होती. टपरीवाला आमचा जुना खबरी. आदल्या दिवशी सकाळी त्याने तात्याला जिन्यावरून उतरताना पाहिलं होतं. अंगावर ओलं धोतर, पाय अनवाणी, डोक्यावर घोंगडीत बांधलेलं काहीतरी. पुढे तो कुठे गेला ते टपरीवाल्याने पाहिलं नव्हतं, त्याच वेळी गिऱ्हाईक आलं होतं. एवढं पुरेसं होतं. तात्याला आणलं. सराफांच्या दुकानांतून माणसं फिरवली, कॉटन ग्रीनच्या गोदामांजवळ जुनी चांदी गाळणारे दोघंतिघं होते त्यांनाही हलवलं. कोणाकडे काही आलं नव्हतं.

तात्या हाडकुळा, गालफडं बसलेला, कानाने थोडा कमी. आयुष्यभर साच्यांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसांचे कान तसेच होत. मी विचारलं तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, "चोरी केली न्हाई, साहेब. बाकीचं इचारू नगा." त्यानंतर तोंडाला कुलूप. घोंगडीत काय होतं? गप्प. कुठे नेलं? गप्प. मी आवाज चढवला, समजावलं, चहा मागवला. चहा प्याला, नमस्कार केला, पुन्हा गप्प. चोरांची एक खोड असते. खरा चोर फार बोलतो. तुम्ही एक विचाराल तर तो दहा गोष्टी सांगेल, कोणाची तरी शपथ घेईल, मधेच पाणी मागेल. हा म्हातारा त्यातला नव्हता. देवळाच्या ओट्यावर बसावं तसा तो ठाण्याच्या बाकावर बसला होता, जोडे बाहेर काढून.

कोठडी मिळाली. तिसऱ्या दिवशी सीनियर साहेब वैतागले. बापू रोज येऊन बसायचा, त्याच्याबरोबर कुठल्याशा पक्षाचा कार्यकर्ताही यायला लागला होता. साहेब मला म्हणाले, "अरे, दोन पट्टे लाव. पोपटासारखा बोलेल." मी नाही म्हटलं. म्हाताऱ्या माणसावर हात टाकायचा नाही हे मी नोकरीत पहिल्यापासून पाळलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. साहेब म्हणाले, मग तुझं डोकं चालव, दोन दिवस देतो.

तात्या जेवायचा तळमजल्यावरच्या एका खानावळवाल्या बाईकडे. बाई त्यांच्याच गावची, विधवा. सगळे तिला मावशी म्हणत. संपाआधी तिच्याकडे दोन पाळ्यांची पंगत बसायची, आता चारदोन डबे उरले होते. तात्याचं कोणाकडे जाणंयेणं होतं ते विचारावं म्हणून मी तिच्याकडे गेलो. बाईने बसायला पाट दिला, मोजकी उत्तरं दिली, आणि चहा टाकते म्हणाली. मी नको म्हणायच्या आत तांब्या घेऊन ती शेजारणीकडे गेली आणि पाणी मागून आणलं. नळ गेलाय, म्हणाली.

मोरीच्या कडेला तांब्याचा मोठा हंडा काठोकाठ भरून ठेवला होता. त्यावर थाळी झाकलेली. मी सहज म्हटलं, "मावशी, घरात भरलेला हंडा असताना लोकांकडे कशाला?"

तिचा हात स्टोव्हवर थांबला. म्हणाली, "ते शिळं हाय."

मी चाळीतच वाढलो आहे. ज्या चाळीत नळ सकाळी थोडा वेळ येतो, जिथे बायका कळशीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरतात, तिथे घरातल्या सगळ्यांत मोठ्या भांड्यात कोणी शिळं पाणी साठवून ठेवत नाही. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझे वडील टायफॉइडने अंथरुणाला खिळले होते तेव्हा माझ्या आईनेही देव पाण्यात ठेवले होते. माझं मागणं पुरं होईपर्यंत तुलाही कोरडं बसू देणार नाही, असा तो देवाशी मांडलेला हट्ट. आपल्याकडे घरोघर आहे तो. मी हंड्याकडे पाहत राहिलो आणि मावशी माझ्याकडे.

"साहेब, हात लावू नगा," ती म्हणाली. "तिचं पानी मोडंल."

मग तिने सगळं सांगितलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बापूने खोलीचा सौदा केला होता. एक दलाल येऊन खोली मोजूनही गेला. देवी असेपर्यंत गाव खोली विकू देणार नाही हे बापूला पक्कं ठाऊक, म्हणून मुखवटा गुपचूप आपल्या वस्तीवर नेण्यासाठी त्याने टेम्पो सांगून ठेवला होता. तात्याला याचा वास लागला. सांगायचं कोणाला? संपामुळे सगळं गाव पांगलेलं. तात्याने आंघोळ केली, देवीला विडा ठेवून रजा मागितली आणि तिला खाली आणून मावशीच्या हंड्यात ठेवली. मागणं एकच, खोली गावाची राहू दे. त्यांच्या खोऱ्यात याचा एक नियम होता. ज्याने देवी पाण्यात ठेवली त्याने त्याबद्दल तोंड उघडायचं नाही. तो बोलला की मागणं वाया जातं आणि देवी गावावर उलटते. टेम्पो आला तेव्हा देव्हारा रिकामा. बापूला वाटलं, दुसऱ्या वस्तीवाल्यांनी तात्याला हाताशी धरून डाव साधला. तो तडक आमच्याकडे आला.

मी तिथे बसून विचार केला. मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. चोरीला गेलेली वस्तू माझ्यासमोर होती. मी तशीच झाकून उठलो असतो तर तात्या कोठडीत सडला असता आणि माझ्यानंतर दुसऱ्या कोणीतरी पट्टा उचलला असता. वस्तू त्याच चाळीत, गावच्याच बाईकडे, पूजेसाठी ठेवलेली मिळाली, तर लबाडीचा हेतू नाही, म्हणजे चोरीच नाही. म्हातारा सुटतो. असा सरळ हिशेब मी केला. पंच बोलावले, पायातले बूट काढले, आणि मुखवटा पाण्यातून बाहेर काढला. मावशीने पदर तोंडात धरला होता.

ठाण्यात मुखवटा टेबलावर ठेवून मी तात्याला बाहेर काढलं. तो पाहतच राहिला. मग हात जोडले, आणि पहिल्यांदा आपणहून बोलला.

"कुनी सांगितलं?"

"कोणी नाही. मी ओळखलं," मी म्हटलं. त्याने मान हलवली. माझ्यावर त्याचा विश्वास बसला. पुढे ज्या माणसांचा बसायला हवा होता त्यांचा बसला नाही, पण त्याचा बसला.

तात्या सुटला. फिर्याद गैरसमजातून झाली असा अहवाल मी पाठवला. मुखवट्याचं काय करायचं हा प्रश्न कोर्टापुढे गेला. मी जीव तोडून सांगितलं की वस्तू गावाची आहे, तिन्ही वस्त्यांच्या पंचांकडे द्यावी. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, गावाची नोंदलेली संस्था आहे का? नव्हती. देवस्थानचे कागद? तेही नव्हते. गाव कुठे आहे? मी म्हटलं, पाण्याखाली. कोर्टात हशा पिकला. कारकूनसुद्धा हसला. ज्याच्या ताब्यातून वस्तू गेली त्याच्या ताब्यात ती परत द्यावी, हा नियम. खोलीची पावती बापूच्या नावाची. सरकारी शिक्क्यानिशी, माझ्या सहीने, देवी बापूच्या हातात गेली. तो मला म्हणाला, साहेब, तुमचे उपकार विसरणार नाही. त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली, पण वर्दीत तेवढीही मुभा नसते.

महिनाभरात खोली गेली. एकदा गस्तीला त्या चाळीत गेलो तेव्हा दाराला नवी लोखंडी जाळी होती, पाटीवर नवं आडनाव. गावकऱ्यांच्या ट्रंका गॅलरीत एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि नवीन बाई त्या कधी उचलणार म्हणून शेजाऱ्यांशी भांडत होती. तात्या मावशीच्या दारात झोपत होता.

उन्हाळ्यात तात्या ठाण्यात आला. जोडे बाहेर काढून उभा राहिला. कोर्टाचा कागद हवा असेल असं मला वाटलं, पण त्याला कागद नको होता. वैशाखात धरणाचं पाणी उतरतं तेव्हा जुन्या गावचं देऊळ वर येतं. तिन्ही वस्त्यांची माणसं तिथे गाळात उतरून जत्रा भरवतात. तिथे चार माणसांत उभं राहून मी एवढंच सांगावं, की तात्या बोलला नाही. बाकी त्याचं काही मागणं नव्हतं. तो कोठडीत बोलला म्हणूनच मागणं वाया जाऊन खोली गेली असं धरून गावाने त्याला पालखीला खांदा देऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं. त्याच्या पोरीच्या सासरचेही त्याला दारात उभं करत नव्हते.

मी रजा काढून गेलो. एस.टी. जिथे संपते तिथून डोंगर उतरत खाली गेलो. मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या, त्यातून घरांची जोती, जात्यांच्या तळ्या, उंबरठे वर आलेले. बायका पोरांना दाखवत होत्या, ही आपली चूल, इथे आजी बसायची. देवळाला शेवाळ लागलेलं, तरी आत रांगोळी काढली होती. आणि पालखीपुढे पांढरी टोपी घालून बापू चालत होता. काहींनी त्याला शिव्याही घातल्या होत्या म्हणे. पण तो म्हणाला, देवी मला सरकारने दिली, पोलिसांनी पंचनामा करून दिली. एवढ्यावर लोक गप्प बसले.

पाटील म्हातारे होते, सज्जन. मला घोंगडीवर बसवलं, गूळपाणी दिलं. माणसं भोवती जमली. मी उभा राहून स्पष्ट सांगितलं. तात्या कोठडीत एक शब्द बोलला नाही. देवी कुठे आहे हे मी स्वतः ओळखलं, हंड्यावरून. तात्या मागे, सगळ्यांपासून दूर उभा होता.

पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, तुमी भले मानूस. म्हाताऱ्याची दया आली म्हनून येवढ्या लांब आला. मावशी बी आसंच सांगती, पन तुमाला तिच्या दारी धाडलं कुनी? ती तर तुमच्या ठान्याची पायरी चढली न्हाई. आत तात्याच हुता. पोलिसाला कुनी सांगितल्याबिगर कळतं, असं आमी कधी ऐकलं न्हाई."

मी पुन्हा सांगितलं. आईची शपथ घातली. ते हात जोडून ऐकत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीही बदललं नाही. माझ्या सहीने बापूच्या हाती देवी गेली, ते त्यांना खरं वाटत होतं. माझ्या तोंडून आलेलं मात्र खोटं. मी कोणावर चिडू? लोकांवर? त्यांच्या बापजाद्यांनी ठाणं म्हटलं की काय पाहिलं होतं? आमच्याच खात्यातल्या माणसांनी वर्षानुवर्षं पट्टे चालवून लोकांना शिकवलं होतं की चौकीत गेलेला माणूस बोलतोच. ते शिक्षण इतकं पक्कं झालं होतं की खरं सांगणाऱ्या पोलिसाला तिथे काडीची किंमत नव्हती. तपास कसा करावा हे मी बऱ्याच नव्या पोरांना शिकवलं. पण तुमचं खरं लोकांना खरं वाटायचं असेल तर तुमच्या आधी त्या खुर्चीत बसलेल्या सगळ्यांनी खरं वागलेलं असावं लागतं, हे मला त्या गाळात उभं राहून कळलं. आणि ते कळून काहीही उपयोग नव्हता, याचा राग अजून गेलेला नाही.

पालखी उठली. तात्या तिच्याकडे गेला नाही. मला वाटेला लावायला म्हणून माझ्याबरोबर चढण चढला. मी म्हटलं, तात्या, मी अजून काय करू ते सांगा. तो धापा टाकत एका दगडावर बसला, आणि माझ्याकडे न बघता, कसलाही राग न धरता म्हणाला:

"साहेब, तवा मला मारलं असतं तर लई बरं झालं असतं. अंगावर वळ बघून गावानं माफ तरी केलं असतं."